औषधांची चोरवाट आणि आदिलाबादचा धडा

चोरट्या आयातीची गोष्ट किनारपट्टीवरील वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. सोन्याच्या लगडी, मनगटी घड्याळे, परदेशी कापड आणि ट्रान्झिस्टर यांनी भरलेल्या होड्यांच्या कथा गोव्यापासून डहाणूपर्यंतच्या प्रत्येक बंदरात आजही ऐकावयास मिळतात. त्या मालिकेत आता एका अनपेक्षित वस्तूची भर पडली आहे. ती वस्तू म्हणजे वजन उतरविणारी इंजेक्शने. जगातील अनेक देशांत सीमाशुल्क खाते आणि औषध प्रशासन यांनी या मालाविरुद्ध मोहीम उघडली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये ‘ओझेम्पिक’ची हजारो बनावट इंजेक्शने जप्त केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये या नावाखाली खपणाऱ्या बनावट मालाविषयी सर्व देशांना सावध केले. या कारवाईचे स्वागत करावयास हवे, यात शंका नाही. तथापि केवळ छापे आणि जप्ती यांनी हा प्रश्न सुटेल अशी कोणाची समजूत असेल, तर ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ही औषधे मुळात मधुमेहाची आहेत. जेवणानंतर आतड्यातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाची ती नक्कल करतात. त्यामुळे इन्सुलिन योग्य वेळी स्रवते, पोट सावकाश रिकामे होते आणि भूक मंदावते. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीच्या सेमाग्लुटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मधुमेहासाठी आणि जून २०२१ मध्ये स्थूलतेसाठी मान्यता मिळाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरले. परंतु औषध थांबविल्यावर एका वर्षात त्यातील दोनतृतीयांश वजन पुन्हा चढले, हेही पुढे दिसून आले. म्हणजे हे महिना-दोन महिन्यांचे औषध नसून बहुतेकांना ते वर्षानुवर्षे घ्यावे लागेल असे आहे. त्याच्या किमतीचा प्रश्न म्हणूनच एकदाच्या खर्चाचा नाही. घरभाडे आणि शाळेची फी यांच्या रांगेत दरमहा उभा राहणारा तो खर्च आहे.

आपल्या देशात सेमाग्लुटाइडच्या गोळ्या जानेवारी २०२२ मध्ये आल्या. वजनासाठी ज्यांचा जगभर गवगवा झाला ती इंजेक्शने मात्र बरीच उशिरा आली. एली लिली कंपनीचे ‘मौंजारो’ मार्च २०२५ मध्ये आणि नोव्हो नॉर्डिस्कचे ‘वेगोव्ही’ जून २०२५ मध्ये अधिकृतपणे विक्रीस आले. मागणी अगोदर आणि माल नंतर, अशी ही स्थिती होती. या मधल्या काळात जे व्हावयाचे तेच झाले. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या पेट्यांतून, कुरिअरच्या पुडक्यांतून आणि कोणत्याही परवान्याशिवाय चालणाऱ्या ओळखीपाळखीच्या व्यवहारांतून ही इंजेक्शने शहरोशहरी पोहोचली.

येथे कायदा काय म्हणतो हे समजून घेतले पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालील नियम १९४५ चे आहेत. परदेशातून औषध आणून विकावयाचे, तर नोंदणी आणि आयात परवाना लागतो. मात्र प्रवाशाने स्वतःच्या खऱ्याखुऱ्या वापरासाठी सामानातून औषध आणल्यास, सरासरी शंभर मात्रांपर्यंत त्याला मुभा आहे. ज्या काळी हा नियम झाला त्या काळी औषध म्हणजे दिवसातून दोन-तीनदा घ्यावयाची गोळी असे. शंभर मात्रा म्हणजे महिना-दीड महिन्याची बेगमी. ही नवी इंजेक्शने आठवड्यातून एकदा घ्यावयाची असतात. त्यांच्या शंभर मात्रा म्हणजे जवळजवळ दोन वर्षांचा साठा होतो! विमानतळावरील अधिकारी जो नियम हाती घेऊन उभा आहे तो या औषधाला लागूच पडत नाही, ही गोष्ट सरकारच्या ध्यानात कोणीतरी आणून द्यावयास हवी.

कारवाईचे समर्थन आम्ही दोन कारणांसाठी करतो. पहिले कारण बनावट मालाचे. ऑस्ट्रियात ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ओझेम्पिक’ समजून टोचून घेतलेल्या इंजेक्शनामुळे रक्तातील साखर एकाएकी घसरून, झटके येऊन माणसे रुग्णालयात दाखल झाली. त्या पेनांत सेमाग्लुटाइडऐवजी इन्सुलिन असावे, असा निष्कर्ष तेथील यंत्रणेने काढला. ज्याला मधुमेह नाही अशा माणसाला अजाणता इन्सुलिन टोचणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. दुसरे कारण अस्सल मालाचे आहे. हे औषध वापरास काढेपर्यंत २ ते ८ अंश तापमानात राहावे लागते. सामानाच्या पेटीत, बसच्या टपावर किंवा कुरिअरच्या गोदामात वैशाखाचे चार दिवस काढलेले इंजेक्शन वरून जसेच्या तसे दिसते, पण त्याच्या गुणाची हमी राहत नाही. घेणाऱ्याला ते कळण्याचा मार्गही नसतो.

एवढे मान्य करून पुढचा प्रश्न विचारावा लागतो. चोरवाट पडते कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्यावरील लोकांना सोन्याने पूर्वीच दिले आहे. सुवर्ण नियंत्रणाचे नियम १९६३ मध्ये आले, कायदा १९६८ मध्ये झाला, तस्करांना विनाचौकशी स्थानबद्ध करणारा कायदा १९७४ मध्ये झाला. पोलीस, कस्टम आणि कायदा अशी तिहेरी फळी उभी असूनही सोने येतच राहिले, कारण दुबईतील भाव आणि मुंबईतील भाव यांत दरी होती. १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, पाठोपाठ आयातीची दारे किलकिली झाली, आणि होड्यांतून येणाऱ्या सोन्याचे ते जुने युग सरले. पुढे २०१३ मध्ये आयातशुल्क १० टक्क्यांवर व २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर गेले तेव्हा सोने पुन्हा विमानतळांवर सापडू लागले, आणि जुलै २०२४ मध्ये सरकारनेच ते शुल्क ६ टक्क्यांवर आणून दरीचे महत्त्व मान्य केले.

परंतु सोन्याची उपमा औषधाला पुरती लागू होत नाही. सोने कोणत्याही वाटेने आले तरी सोनेच असते. औषधाचे तसे नाही. म्हणून आम्ही वाचकांचे लक्ष एका दूरच्या, पण आपल्याच भाषेशी नाते असलेल्या मुलखाकडे वेधू इच्छितो. तो मुलूख म्हणजे तेलंगणातील आदिलाबाद जिल्हा. पैनगंगेच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे आदिलाबाद. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखाला जोडले गेले, तरी उरलेल्या जिल्ह्यात मराठी बोलणारी गावे राहिलीच. काळी जमीन, कापूस, गोंड व कोलाम वस्त्या, आणि नागोबाच्या जत्रेला लोटणारा जनसमुदाय ही त्या जिल्ह्याची ओळख. कापूस पिकविणाऱ्या या प्रांताने, महाग पण अत्यावश्यक वस्तूची चोरवाट कशी उघडते आणि कशी बुजते, याचा प्रयोग स्वतःच्या शेतात पाहिला आहे.

बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कपाशीला आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातेत विनापरवाना बीटी वाण शेतात उभे असलेले आढळले होते. अधिकृत बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १,६०० रुपये आणि त्याहूनही अधिक मोजावे लागत. त्यातील फार मोठा हिस्सा बियाण्याच्या उत्पादनखर्चाचा नसून बीटी गुणधर्माच्या मालक-कंपनीला द्यावयाच्या मोबदल्याचा होता. परिणामी विनापरवाना बियाण्याचा बाजार फोफावला. त्यात काही वाण चांगले होते, काही निव्वळ फसवणूक होती, आणि शेतकऱ्याला त्यातील फरक पीक हातचे गेल्यावरच कळत असे. तेव्हा आदिलाबाद ज्याचा भाग होता त्या आंध्र प्रदेश सरकारने २००६ मध्ये हा मोबदला अवाजवी आहे अशी तक्रार मक्तेदारी आयोगापुढे नेली, आणि त्याच हंगामात पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली. पुढे २००७ मध्ये त्या राज्याने कापूस बियाण्याच्या किमती ठरविण्याचा स्वतंत्र कायदाही केला. कंपन्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, पण बियाणे मिळेनासे झाले नाही. उलट अधिकृत पाकीट आवाक्यात येताच चोरट्या बीटीचे आकर्षण ओसरले. जे काम धाडींना चार हंगाम जमले नाही ते किमतीच्या एका आदेशाने बव्हंशी साधले.

या धड्याचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीला आपल्याकडे परवानगी मिळाली नाही. तिचे बियाणे आज गावकऱ्यांच्या तोंडी ‘चोर बीटी’ या नावाने पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर फिरते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने तिची उघड पेरणी करून सरकारला आव्हान दिले. दर मृगाच्या तोंडावर आदिलाबाद परिसरात पोलीस आणि कृषी खाते या बियाण्यांचे साठे पकडतात, आणि पुढच्या मृगाला पुन्हा पकडतात. तात्पर्य असे की, जेथे मागणी खरी आहे, पण कायदेशीर वस्तू एक तर अति महाग आहे किंवा मुळी उपलब्धच नाही, तेथे चोरवाट पडते. सरकारला त्या वस्तूला परवानगी द्यावयाची नसेल, तर त्याची कारणे लोकांना पटवावी लागतात आणि दुसरा उपाय द्यावा लागतो. नुसता पहारा बसवून भागत नाही.

आता इंजेक्शनांच्या किमती पाहू. जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ची सर्वांत कमी मात्रा महिन्याला १७,३४५ रुपयांना होती. ‘मौंजारो’ची ५ मिलिग्रॅमची एका आठवड्याची कुपी ४,३७५ रुपयांना. २०२४-२५ साली तेलंगणात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३०० रुपये होता. त्या हिशेबाने एका महिन्याच्या इंजेक्शनांसाठी सुमारे ५८ दिवसांची मजुरी लागली असती, म्हणजे महिन्याच्या औषधाला जवळजवळ दोन महिन्यांचे श्रम! मजुराची गोष्ट सोडली तरी शाळामास्तर, बँकेतील कारकून किंवा लहान दुकानदार यांनाही हा भाव परवडणारा नव्हता. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने आपण होऊन भाव ३७ टक्क्यांपर्यंत उतरविला आणि सर्वांत कमी मात्रा १०,८५० रुपयांवर आली. औषध तेच, कारखाना तोच, मात्रा तीच. बदलले ते एवढेच की एक प्रतिस्पर्धी बाजारात उतरला होता, आणि मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची वीस वर्षांची मुदत संपत होती. आधीची किंमत उत्पादनखर्चाने ठरली नव्हती याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

कंपन्यांच्या बाजूने असे सांगितले जाते की, संशोधनाला अफाट पैसा लागतो व त्याची भरपाई किमतीतूनच व्हावयाची. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचा हेतू नाही. म्हणूनच तर वीस वर्षांची मक्तेदारी कायद्याने दिलेली आहे. पण त्या मक्तेदारीला समाजाच्या गरजेची मर्यादा असते, हेही आपल्या कायद्याने पूर्वीपासून मानले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत औषधे जगात ज्या देशांत सर्वाधिक महाग होती त्यांत भारताची गणना होई. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर १९७० चा पेटंट कायदा झाला, औषधाच्या वस्तूऐवजी केवळ कृतीला पेटंट मिळू लागले, आणि त्यातून हैदराबाद-मुंबईची औषधनिर्मिती उभी राहिली. आपल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील औषध कारखानेही त्याच परंपरेतील आहेत. २००५ पासून वस्तूचे पेटंट पुन्हा आले, तरी सक्तीच्या परवान्याची तरतूद कायम राहिली. मार्च २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला असा परवाना मिळाला, तेव्हा महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ८,८८० रुपयांवर आले. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने ठरवून दिली. त्यानंतर हृदयशस्त्रक्रिया बंद पडल्या नाहीत.

कोणी म्हणेल की, ही श्रीमंतांची हौस आहे; तिच्यासाठी सरकारने एवढी यातायात का करावी? हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि प्रमाणाच्या दृष्टीने सर्व राज्यांत पहिला क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के! प्रौढांतील दर चौथा माणूस ज्या राज्यात मधुमेही आहे, त्या राज्याने या औषधाला हौस म्हणून नाक मुरडणे शोभणारे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये या वर्गातील औषधांचा, विशिष्ट मधुमेही रुग्णांसाठी, अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे. लग्नाच्या मोसमापुरते बारीक होण्यासाठी टोचून घेणारे आहेत, हे खरे. त्यांना आवर घालण्यासाठी कायदाही आहे. जादूटोण्याचे व आक्षेपार्ह औषधांच्या जाहिरातींचे नियंत्रण करणारा १९५४ चा कायदा स्थूलतेवरील औषधाच्या जाहिरातीला मनाई करतो. हा कायदा जागा असता, तर ‘महिन्यात दहा किलो’ अशा फलकांनी रस्ते भरले नसते.

पेटंटची मुदत संपल्याने देशी कंपन्यांना सेमाग्लुटाइडची वाट मोकळी झाली आहे, आणि भाव उतरण्याचा मार्गही. पण येथे एक सावधगिरीचा इशारा देणे प्राप्त आहे. स्वस्त म्हणजे सुरक्षित नव्हे, आणि देशी म्हणजे निर्दोषही नव्हे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्या. लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाचे वाभाडे काढले. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, छिंदवाड्याच्या कोवळ्या मुलांचा बळी खोकल्याच्या एका देशी औषधाने घेतला. त्यांतील कित्येक मुले उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. ते औषध चोरवाटेने आले नव्हते, परवानाधारक कारखान्यातून रीतसर आले होते. सीमेवर कडक आणि कारखान्यात ढिला असा पहारा असेल तर रुग्णाला त्याचा उपयोग काय?

आदिलाबादकडे पुन्हा एकदा वळावेसे वाटते ते एका वेगळ्या कारणासाठी. तेथील गोंड, कोलाम आणि परधान वस्त्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. त्यावरील हायड्रॉक्सियुरिया हे औषध जुने आहे, स्वस्त आहे, अत्यावश्यक यादीत आहे. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू करून ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. पण औषध स्वस्त असले तरी ते रोज, आयुष्यभर, वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात मिळाले पाहिजे आणि मधूनमधून रक्त तपासले गेले पाहिजे. ज्याच्यात कोणाला फारसा नफा नाही, त्या औषधाची चोरटी आयात करायला कोणी धजत नाही. ते नुसते संपते आणि रुग्ण हात हलवीत परत जातो. चोरवाटेवर जप्त झालेल्या इंजेक्शनांची छायाचित्रे छापून येतात, या रिकाम्या फडताळाचे छायाचित्र कोणी छापत नाही. औषधनीतीची खरी कसोटी मात्र तेथेच लागते.

तेव्हा सरकारने काय करावे, हे आम्ही स्पष्टपणे मांडतो. सीमाशुल्क खात्याची कारवाई चालू राहावी, पण तिचा रोख विकणाऱ्यावर असावा. वैद्याच्या चिठ्ठीनिशी स्वतःपुरते औषध आणणाऱ्या मधुमेह्याला गुन्हेगार ठरवू नये. शंभर मात्रांचा जुना नियम बदलून तो दिवसांच्या हिशेबात मांडावा. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत या औषधांना स्थान नव्हते. पुढील फेरतपासणीत मधुमेहासाठी ते द्यावे, म्हणजे किंमत नियंत्रणाचा आदेश आपोआप लागू होईल. ऑगस्ट २०२३ पासून निवडक तीनशे औषधांच्या वेष्टनांवर सांकेतिक खूण सक्तीची झाली आहे. ती या प्रत्येक इंजेक्शनावर असावी, म्हणजे अस्सल माल कोणता हे घेणाऱ्याला दुकानातच पडताळता येईल. औषध निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. आणि गोव्याच्या सरकारने, मधुमेहात पहिला क्रमांक मिळविणाऱ्या राज्याने, सरकारी रुग्णालयांसाठी या औषधाची एकत्रित खरेदी करण्यात पुढाकार घ्यावा. मोठा गिऱ्हाईक भाव पाडून घेऊ शकतो हे बाजारातल्या कोणाही गृहिणीला ठाऊक आहे.

आदिलाबादच्या शेतकऱ्याने चोरट्या बियाण्याचे पाकीट घेतले ते कायदा मोडण्याच्या हौसेने नव्हे. मृग तोंडावर आला होता, आणि अधिकृत पाकीट त्याच्या खिशापलीकडे होते. आज चोरवाटेने इंजेक्शन घेणाऱ्या मधुमेह्याची गोष्ट फारशी निराळी नाही. सरकारने चोरवाटेवर चौकी अवश्य बसवावी. पण राजरस्त्यावरचा जकातीचा अडसर जोवर दूर होत नाही, तोवर माणसे आडवाटेने जाणारच, आणि त्या आडवाटेवर त्यांना लुबाडणारेही दबा धरून बसणारच.